बाटली उकळली, पण वाळली का?

तान्ह्या बाळाची बाटली उकळण्याबद्दल घरात जेवढे बोलणे होते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही ती वाळवण्याबद्दल होत नाही. मी रत्नागिरीत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. जुलाब लागलेले बाळ घेऊन घरची मंडळी येतात, तेव्हा बाटली कशी धुता हे मी विचारतोच. आजीचे उत्तर तयार असते, "चांगली दहा मिनिटं खळखळून उकळते हो, डॉक्टर." "आणि मग?" "मग काय, फडक्याने पुसायची नि झाकण लावून ठेवायची." आजींनी उकळून जे कमावलेले असते, ते बरेचसे या दोन कामांत जाते. ओट्यावरचे फडके हात पुसते, भाजीची पाटी पुसते, दिवसभर ओलसर राहते आणि तेच बाटलीच्या आत फिरते. वरून झाकण लागले की आतला ओलावा बाहेर पडायला वाटच उरत नाही.

पुढचे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पहिले सहा महिने बाळाला निव्वळ आईचे दूध, हेच माझे म्हणणे आहे. बाटली आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला, आणि त्यामागे अनेक बाळांच्या आजारपणाचा इतिहास आहे. तरीही बाटली लागणारी घरे असतात. आई आजारी असते, बाळ दत्तक आलेले असते, आई कामावर परतलेली असते. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. शेतावर, दुकानात, कंत्राटावर राबणारी बाई दीड-दोन महिन्यांत कामाला लागते. तिला नुसती नाके मुरडून दाखवण्यात अर्थ नाही. तिच्या घरातली बाटली सुरक्षित कशी राहील, हे बघणे माझे काम आहे.

जंतूंना वाढायला दोन गोष्टी लागतात, थोडेसे अन्न आणि ओल. दुधाचा पुसट थर हे अन्न, आणि बाटलीच्या तळाशी राहिलेले चार थेंब ही ओल. 2016 साली अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूमुळे मेंदूज्वर झाला. बाळाला आईचेच काढलेले दूध मिळत होते. शोध घेतला तेव्हा हा जंतू दूध काढायच्या पंपावर आणि स्वयंपाकघरातल्या सिंकच्या मोरीत सापडला. पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत पडत आणि मग न घासता नुसते खंगाळले जात. तेव्हापासून तिथली आरोग्ययंत्रणा तीन गोष्टी बजावून सांगते. बाळाच्या वस्तूंचे घमेले वेगळे ठेवा, त्या थेट सिंकमध्ये टाकू नका, आणि फडक्याने न पुसता हवेवर पूर्ण वाळू द्या. हा जंतू कोरड्यातही तग धरतो, दूध पावडरीच्या डब्यातही सापडतो. म्हणून नुसत्या वाळवण्याने तो मरत नाही, पण ओल नसली की त्याची संख्या वाढत नाही. आपल्याला नेमके तेवढेच हवे असते.

आता बाटल्या वाळत घालायचा रॅक. बाजारात हिरव्या गवतासारखी उभी पाती असलेला ट्रे मिळतो, झाडासारख्या फांद्यांचा स्टँड मिळतो, स्टीलच्या तारेचा मिळतो. दुकानात बाटल्या लावून ठेवलेला रॅक कोणताही छानच दिसतो. मी मात्र पालकांना तो उलटा करायला सांगतो. किती भाग सुटे होतात? प्रत्येक दांडी उपसून काढता येते का? ज्या भोकात दांडी बसते तिथे करंगळीएवढा ब्रश जातो का?

एका आईने मला वापरातला रॅक आणून दाखवला होता. वरून लखलखीत. आम्ही एक दांडी ओढून काढली तर तिच्या बुडाशी काळे, बुळबुळीत कडे. खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलेले आणि त्याच्या कडेला गुलाबीसर साय. बाथरूमच्या फरश्यांच्या सांध्यात दिसते ना, तशीच. रोज उकळलेल्या बाटल्या त्या पाण्यापासून दोन बोटांवर उलट्या उभ्या असत. त्या आईच्या कष्टांत काही कमी नव्हती. तो रॅक धुताच येत नव्हता.

म्हणून माझी पसंती साध्या रचनेला. दांड्या कमी, फटी कमी, खालचा ट्रे सुटा आणि उतरता. बाटलीचे तोंड ट्रेला टेकता कामा नये. तोंड टेकले की आतली वाफ तिथेच कोंडते आणि सकाळी बघावे तर काच धुरकट. गवताची पाती निपल आणि वॉशरसाठी सोयीची, पण पात्यांच्या मुळाशी साका धरतो, तो दाताच्या जुन्या ब्रशनेच निघतो. तारेचा रॅक घ्यायचा तर अस्सल स्टेनलेस स्टीलचा. मुलामा दिलेली तार आमच्या खाऱ्या हवेत सांध्यापासून गंजू लागते. आणि खास रॅक घेतलाच पाहिजे असेही नाही. स्टीलची जाळीची टोपली परातीवर आडवी ठेवली, ती फक्त बाळासाठी राखली आणि रोज घासली, तर महागड्या रॅकइतकेच काम होते.

वाळवायची रीतही सांगतो. बाटली, निपल, रिंग, पोटात हवा जाऊ नये म्हणून असलेली झडप, सगळे सुटे करायचे. आधी ब्रशने धुवायचे, मग उकळायचे. दुधाचा थर राहिला तर उकळूनही उपयोग कमी. बाटल्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या हव्यात, आत हवेचा बुडबुडा नको. हात साबणाने धुऊन, उकळलेल्या चिमट्याने बाटली गरम असतानाच काढायची, झटकायची आणि तिरकी लावायची. काचेची किंवा स्टीलची बाटली स्वतःच्याच उष्णतेने भराभर सुकते. पाण्यात निवत ठेवली की हा फायदा हातचा जातो. निपल दोन बोटांत दाबून भोकातले पाणी बाहेर काढायचे, कारण सगळ्यात शेवटी वाळते ते भोक.

कुरडया-पापड घालणाऱ्या घरांना वाऱ्याची दिशा शिकवावी लागत नाही, तीच नजर इथे हवी. रॅक सिंकपासून लांब, शिंतोडे उडणार नाहीत असा. गॅसजवळ नको, फोडणीचे तेल बसते. खिडकीजवळ, वारा लागेल असा. माश्या असतील तर वरून जाळी. जुलैत आमच्याकडे हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असते. मार्चमध्ये तासाभरात सुकणारी बाटली तेव्हा रात्रभर दमट राहते. अशा दिवसांत थोडा वेळ पंखा लावा, पण पात्यांवरची धूळ आधी पुसा. नाहीच वाळली तर दूध भरायच्या आधी पुन्हा उकळा आणि लगेच वापरा. गरम हवेने सुकवणारी विजेची यंत्रे पावसाळ्यात उपयोगी पडतात. अतिनील किरणांच्या पेटीवर मात्र भिस्त ठेवू नका. किरण जिथे पडतात तिथलेच जंतू मरतात, झडपेच्या आड ते पोहोचत नाहीत.

बाळ दोन महिन्यांच्या आतले किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर रोज निर्जंतुक करा. रॅक तर रोज सुटा करून गरम साबणपाण्याने धुवा, आणि कोरडा झाल्यावरच बाटल्या लावा. काळे डाग घासून जात नसतील तर तो टाकून द्या.

आणि दिवसातून एक-दोनदाच वरचे दूध द्यायचे असेल, तर बाटली आणि रॅक दोन्ही घेऊ नका. वाटी-चमचा घ्या, किंवा आजीच्या फडताळात चांदीचे बोंडले, म्हणजे दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, असेल तर ते काढा. त्याला ना झडप, ना रिंग, ना भोक. घासून उकळले आणि स्वच्छ जाळीवर उपडे घातले की आतवर हवा लागते, आणि कोरडे झाले की नाही ते डोळ्यांना दिसते. पहिले दोन दिवस दूध सांडेल, बाळ जिभेने बाहेर ढकलेल. मांडीवर थोडे उभे धरून, ओठांच्या कोपऱ्याला बोंडले टेकवून थेंब थेंब द्या, गिळले की पुढचा थेंब. घाई करणारे बाळ नसते, आपण असतो.