राखाडी, पारवा आणि कोसा

चि. मनूस,


खोलीला ग्रे रंग दिलास आणि विचारलंस, याला मराठीत काय म्हणतात. मी म्हटलं राखाडी. आजीला फोटोत निळसर झाक दिसली, तिच्या लेखी तो पारवा. लुगड्याच्या दुकानात ती जन्मभर पारवाच मागत आली. राखाडी म्हटलं की तिला चुलीतली राख दिसते, ती कोण नेसणार? करडा म्हणशील, तर तो आमच्या मास्तरांच्या मिश्यांचा. नजरही करडी, शिस्तही करडी. गणपतीच्या बारा नावांत धूम्रवर्ण आहे. लहानपणी घडाघडा म्हणायचीस. आता येतात का बाराच्या बारा?

बैलांचं मात्र निराळं. आपलं आटपाडी म्हणजे जुन्या औंध संस्थानातला भाग, खिलार बैलांचा मुलूख. खिलार वासराच्या टाळूवर जन्मतः तांबूस छटा असते, दोन-तीन महिन्यांत ती जाते. पुढे खोंडाची मान नि वशिंड काळवंडत जातात. पांढऱ्यावर अशी राखेची झाक चढली की तो कोसा, त्याहून गडद तो काजळी. बाजारात 'राखाडी बैल' म्हणालीस तर दलाल तुला शहरातली ओळखून भाव चढवेल.

माझ्या वडिलांनी आटपाडीजवळच्या खरसुंडीच्या यात्रेत कोसा घेतला होता. साल १९७० की ७१. १९७२ च्या दुष्काळाआधीचं, एवढं नक्की. उपरण्याखाली दलालानं वडिलांची बोटं धरली आणि सौदा तिथंच आत चालला. तोंडानं कुणी आकडा काढीना. मी आपला बैलाची मान बघत उभा. वर दुधासारखी, खाली येता येता धुरकट, वशिंडापाशी जवळजवळ काळी. हात लावला तर त्यानं कातडी थरथरवली. दुष्काळात वैरण संपली नि तो विकावा लागला. किती आले, ते वडील शेवटपर्यंत बोलले नाहीत.

तुमच्याकडे रंगाच्या डब्यावर नुसता नंबर असतो म्हणे. असू दे. पण बाळाशी मराठीत बोलत जा गं. तुझ्या आईनं तुझ्याशी इंग्रजी झाडलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. आणि दर वेळी मे महिन्यात येऊन नुसते आंबे खाऊन जाता. एकदा पौषात सुट्टी काढा, खरसुंडीची यात्रा असते. नातजावयांना विचारून लवकर कळव, म्हणजे गाडीचं बघतो.

तुझे,
आजोबा