पोहोचलेले पुस्तक

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घरांत पूर्वी पुस्तकासाठी नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहिली जाई. आज मराठी विश्वकोशाचे 20 खंड भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतात. प्रशासनाच्या भाषेत उद्दिष्ट साध्य झाले! परंतु अशाच एका घरी, हिंदी शाळेत जाणाऱ्या नातवाने पडद्यावर ‘शिक्षा’ हा शब्द अचूक वाचला आणि अर्थ घेतला ‘शिक्षण’. आजी हसून म्हणाली, ‘‘अरे, मराठीत शिक्षा म्हणजे दंड.’’ लिपी ओळखीची, म्हणूनच चूक त्याच्या लक्षात आली नव्हती. योजना दारापर्यंत नेली की काम संपले, असे आम्हा अधिकाऱ्यांना वाटते. वाचनाचे तसे नाही. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते : मुलांना मराठी वाचायला द्यावे ते आजीशेजारी बसवून, आजी आहे तोवर.