पाचचं बटण



आज एक चूक सांगायची आहे. चूक माझीच आहे.

शाळेच्या संगणक कक्षात मी ‘फ्लाइटगिअर’ हा विमान उडवण्याचा खेळ बसवला. तो मोफत मिळतो आणि त्यातलं सेसना १७२ हे चार आसनी विमान नवशिक्यांना बरं पडतं. पहिल्याच तासाला मी फळा भरून बटणांची यादी लिहिली. इंजिनाची ताकद, रडर, फ्लॅप, ब्रेक, सगळं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, झालं शिकवून!

आठवीतला एक शांत मुलगा पुढे येऊन बसला. विमान मी आधीच हवेत ठेवून दिलं होतं. त्याने डावा बाण दाबला, विमान कललं आणि कलतच गेलं. बटण सोडलं तरी सरळ होईना. तीनदा कोसळलं. मुलं हसली. मीही बोलून गेलो, “अरे, लक्ष कुठंय तुझं?” दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

रविवारी मी स्वतः खेळून बघितलं. माझंही विमान तसंच पडलं! मग उलगडा झाला. या खेळात बाणाचं बटण सोडलं तरी पंखांवरच्या पट्ट्या वळलेल्याच राहतात. त्या मधोमध आणायला कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांमधला पाच दाबावा लागतो. तो पाच माझ्या यादीत अगदी तळाशी होता.

सोमवारी त्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “बाळा, चूक तुझी नव्हती. मी नीट सांगितलं नव्हतं.”

मग पद्धतच बदलली. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून देतो.

पहिल्या दिवशी विमान उंच हवेत ठेवायचं. मुलाच्या हाती फक्त चार बाण आणि पाच. खालचा बाण दाबला की नाक वर जातं, हे मुलांना उलटं वाटतं. दोन्ही बाण दाबून क्षितिज कुठे सरकतं ते त्यांनाच बघू द्या. गोंधळ झाला की ‘पी’ दाबून खेळ थांबवा आणि विचारा, “आत्ता काय दिसतंय?”

दुसऱ्या दिवशी पेज अप आणि पेज डाउन, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणं. बाकीचं तुम्ही सांभाळा.

तिसऱ्या दिवशी धावपट्टी. पूर्ण ताकद दिली की विमान डावीकडे ओढतं, म्हणून उजवा रडर लागतो. हे आधी सांगू नका. विमान गवतात गेलं की मुलं आपणच विचारतात, “सर, हे डावीकडेच का जातं?” उत्तर तेव्हा द्यायचं. ५५ नॉटच्या आसपास वेग आला की नाक हळूच उचलायचं.

फ्लॅप आणि उतरणं त्यानंतर.

त्या मुलाने चौथ्या दिवशी एकट्याने विमान उडवलं. उतरवताना आपटलं, पण या वेळी तो स्वतःच हसला आणि म्हणाला, “सर, परत एकदा?”

आता गणिताच्या तासालाही कुणी अडलं, की मी आधी माझा फळा बघतो. यातला ‘पाच’ मी सांगितला होता का? तुम्हीही बघा हं एकदा.