अक्षराचा भाव

दुकानात येणारे गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारते, "फुटाला काय भाव?" पाटी कोणाची, ती कुठे लागणार, दिवसा वाचायची की रात्री, ही चौकशी नंतर. गेली वीस-बावीस वर्षे मी हा प्रश्न ऐकत आलो आहे आणि अजूनही उत्तर देताना माझी जीभ क्षणभर अडखळते. कापड मीटरवर मोजता येते, धान्य किलोवर तोलता येते; पण एखाद्याच्या नावाला कोणते माप लावायचे?

कल्याणला स्टेशनच्या पश्चिमेस वडिलांनी पाट्या रंगवण्याचे दुकान थाटले, तेव्हा फुटाचा भाव नव्हता. भाव अक्षराचा होता. वीतभर अक्षराला एक दर, हातभर अक्षराला दुसरा. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात, ते वाळले की खडू माखलेली दोरी ताणून शिरोरेषेची ओळ आखायची आणि मग श्वास रोखून ब्रश टेकवायचा. हा सारा खटाटोप अक्षराच्या दरातच धरलेला असे. भांडण होई ते मोजदादीवरून. 'ज्ञानेश्वर' या नावाची अक्षरे गिऱ्हाईक चार मोजी. बाबा म्हणत, "मोजायला चार, पण लिहायला सहा!" जोडाक्षरात दोन अक्षरांची मेहनत असते, हे त्यांचे व्याकरण मला शाळेतल्या व्याकरणाच्या आधी समजले. शेवटी तोडगा निघे, चहा येई आणि शिडी भिंतीला लागे.

पुढे फ्लेक्स आला. संगणकावर रचना करायची आणि छपाईच्या यंत्रातून हवी तितकी लांबी बाहेर काढायची. यंत्राला सोपे नाव आणि अवघड नाव यांत फरक नाही. त्यामुळे फुटाचा भाव तिथे रास्तच होता. बाबांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात वाळून गेले आणि अक्षरे मोजण्याची रीतही संपली. मी चुकलो तो पुढे. फ्लेक्ससाठी जे माप योग्य होते, तेच मी हाताने घडवायच्या कामालाही लावत राहिलो. सवयीचे माप हातात असले की वस्तू बदलली तरी माणूस माप बदलत नाही.

ही चूक मला २०२३ च्या नोव्हेंबरात उमगली. दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन राज्यातील लहान-मोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली होती आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असाही दंडक होता. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यांत आमच्या पायरीवर रांग लागली. त्या गर्दीत कापडाचे एक दुकानदार आले. दहा फूट लांब, तीन फूट उंच पाटी, वर उठावाची अॅक्रिलिकची अक्षरे, आतून दिवे. मी नेहमीप्रमाणे बोटावर हिशेब केला. तीस चौरस फूट, फुटाला ६०० रुपये, एकूण १८,००० रुपये. त्यांनी मान हलवली, मीही खूश झालो.

काम संपल्यावर रात्री वहीत खर्च मांडला. पाटीच्या पाठीमागचे अॅल्युमिनियमचे पत्रे आठ बाय चार फुटांचे मिळतात. दहा फुटांच्या पाटीला एक पत्रा पुरत नाही, म्हणून दोन घ्यावे लागले. गिऱ्हाइकाला तीस फूट दिसतात, आम्ही चौसष्ट फूट विकत घेतो आणि उरलेले तुकडे भिंतीला टेकून वर्षानुवर्षे धूळ खातात. दोन पत्र्यांचे ४,५०० रुपये, अॅक्रिलिकचे ३,८००, दिवे व त्यांचा वीजपुरवठा २,९००, लोखंडी चौकट व वेल्डिंग २,६००, बाहेरून करून घेतलेली कटाई १,५०० आणि टेम्पो ६००. बेरीज १५,९०० रुपये. उरले २,१००. मदतनिसाची तीन दिवसांची मजुरी, रोजची ७०० प्रमाणे, नेमकी तेवढीच. जागेचे भाडे, विजेचे बिल, यंत्राचा हप्ता आणि माझ्या दोन रात्री यांच्या वाट्याला शून्य आले. मजुरीचे पैसेही मी त्याला लगेच दिले नाहीत. पुढच्या ऑर्डरच्या साहित्यात गुंतवले. त्या शनिवारी तो काही बोलला नाही. फक्त नेहमी आठवड्याच्या बाजारासाठी आणायचा ती पिशवी त्याने आणली नव्हती, हे माझ्या लक्षात आले. मी भाव कमी सांगितला होता आणि त्याची किंमत तो मोजत होता.

गोष्ट इथे संपली नाही. आठ दिवसांनी त्या दुकानदारांचा फोन आला. दुकानाच्या नावातला पहिला शब्द 'आशीर्वाद' होता आणि पाटीवर तो 'आशिर्वाद' असा झळकत होता. साडी घ्यायला आलेल्या एका शिक्षिकेने चूक दाखवली होती. मी फाइलमधून त्यांच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी काढली. तिच्यावर ऱ्हस्व 'शि' होता. कागदोपत्री मी निर्दोष होतो. पाटी बदलून हवी असेल तर नवे पैसे पडतील, असे मी ठामपणे सांगितले.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "तू चिठ्ठी वाचली होतीस ना?"

"वाचली होती."

"मग तुला दिसलं नाही?"

दिसले होते. संगणकावर शब्द लिहितानाच बोट अडखळले होते. पण रात्रीचे नऊ वाजले होते, गिऱ्हाइकाला पुन्हा फोन करायचा, पुन्हा नमुना पाठवायचा, पुन्हा होकाराची वाट पाहायची. आणि एवढे सारे ६०० रुपयांच्या भावात बसत नाही, असे मी मनाशी म्हटले होते. बाबा म्हणाले, "आपण अक्षरं विकतो. ती वाचायची नसतील तर यंत्रात आणि आपल्यात फरक काय?"

देवनागरीत असली चूक महाग पडते. रोमन अक्षरे सुटी असतात, एक काढून दुसरे बसवता येते. आपला शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो आणि आम्ही तो अखंडच कापतो. एक वेलांटी बदलायची तर अख्खा शब्द नव्याने कापावा लागतो, जुन्या शब्दाची छिद्रे उघडी पडतात म्हणून मागचा पत्राही बदलावा लागतो. मी त्या दुकानदारांकडे गेलो आणि चूक दिसूनही बोललो नाही, हे सांगून टाकले. ते काही वेळ गप्प राहिले. मग साहित्याचा खर्च निम्मा-निम्मा आणि मेहनत आमची, असे ठरले. मदतनिसाची थकलेली मजुरी त्याच दिवशी घरच्या पैशांतून दिली.

तेव्हापासून मी भाव सांगण्याआधी एक दिवस मागून घेतो. वहीत प्रथम साहित्य मांडतो, तेही पाटीत दिसणारे नव्हे तर प्रत्यक्ष विकत घ्यावे लागणारे. मग मजुरीचे तास. मग दुकान उघडे ठेवण्याचा खर्च. भाडे, वीज आणि हप्ता मिळून महिन्याला २४,००० रुपये जातात. महिन्याचे दोनशे तास दुकान उघडे असते, पण त्यातले जेमतेम एकशे वीस तास प्रत्यक्ष कामाचे. बाकीचे चौकशीत आणि वाट पाहण्यात जातात. म्हणजे कामाच्या प्रत्येक तासावर २०० रुपयांचा भार. त्यावर चूकभूल आणि शेवटी नफा. निम्मी रक्कम आगाऊ घेतो. आणि कापणीपूर्वी गिऱ्हाइकाला समोर बसवून नमुना मोठ्याने वाचायला सांगतो. या वाचनाचा अर्धा तासही मी आता भावात धरतो.

काही गिऱ्हाइके आकडा ऐकून पायरी उतरतात. पूर्वी मी त्यांना हाक मारून परत बोलावत असे. आता त्यांना जाऊ देतो, पण जाण्यापूर्वी त्यांच्या पैशांत काय बसेल ते अवश्य सांगतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक बाई आल्या. पोळी-भाजी केंद्र सुरू करायचे होते आणि हातात ४,००० रुपये होते. त्यांना हवी असलेली पाटी ९,००० रुपयांच्या खाली होत नव्हती. मी वही त्यांच्यापुढे केली, एकेक ओळ समजावली. भाव उतरवला नाही. पाटी चार फुटांची केली, आतले दिवे काढले आणि वरून एका दिव्याची सोय सुचवली. आकडा ३,८०० वर आला. त्या म्हणाल्या, "दादा, हे मला पटलं. कशाचे किती ते कळलं."

नमुना तयार झाल्यावर मी त्यांना वाचायला बसवले. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्या सावकाश वाचू लागल्या. पहिल्याच शब्दावर बोट थांबले.

"दादा, पोळीची 'ळी' दीर्घ ना? इथं ऱ्हस्व झालीय."

खरेच झाली होती. या वेळी चिठ्ठीत बरोबर होते. संगणकावर मीच चुकलो होतो. मी दुरुस्ती केली आणि वहीतून वाचनाचा अर्धा तास खोडून टाकला. ते काम त्यांनी केले होते.