कोणता बार भरायचा?

आबाजींच्या सागवानी पेटीला तीन खण होते. डावीकडे विकतची कागदी काडतुसं, उजवीकडे घरी भरलेली पितळी, आणि मधल्या अरुंद खणात गोळीची काडतुसं. मधल्या खणाला आम्हा पोरांनी बोटही लावायचं नाही, असा दंडक होता. पांढरकवड्याच्या आमच्या घरात ही पेटी देवघरावरच्या फळीवर असे. दसऱ्याला ती खाली यायची, दुनळी बंदुकीशेजारी पाटावर बसायची, तिला हळद-कुंकू आणि आपट्याची पानं वाहिली जायची. दसरा झाला की पुन्हा वर. मग दिवाळी उलटून थंडी पडली, कापसाच्या वेचण्या सुरू झाल्या, म्हणजे आम्ही फळीकडं बघत राहायचो, पेटी आता कधी उतरते म्हणून.

पितळी काडतुसांचा संसार आमच्याकडं दुसऱ्या महायुद्धात सुरू झाला. त्याआधी आबाजी विलायती, इली-किनॉकची कागदी काडतुसं वापरत. युद्धात ती मिळेनाशी झाली. शिवाय कागदी काडतुसाला आमचा पावसाळा सोसत नसे. आषाढ-श्रावणात कागद सादळायचा, काडतूस फुगायचं आणि नळीत जाता जाईना. पितळेला ही खोड नाही, आणि एकदा उडवलेलं पितळी काडतूस नवी टोपी बसवून पुन्हा भरता येतं. पुढं आपल्या खडकीच्या कारखान्याची काडतुसं यवतमाळच्या दुकानात मिळू लागली, तरी आबाजींनी पितळी सोडली नाहीत. विकतच्या काडतुसात काय आहे ते दुसऱ्याला ठाऊक, माझ्यात काय आहे ते मला ठाऊक, असं ते म्हणत.

भरायचं काम दुपारच्या जेवणानंतर, ओसरीवर. चिलीम-विडी ओढणाऱ्याला त्या दिवशी ओसरीवर यायची बंदी. स्वयंपाकघरातली चूलसुद्धा आजी विझवून टाकायची आणि मगच आबाजी काळ्या दारूचा डबा उघडायचे. आधी जुनी टोपी काढायची, काडतूस चिंचेच्या पाण्यानं धुऊन उन्हात कोरडं करायचं, नवी टोपी दाबून बसवायची. मग मापानं दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर घोंगडीच्या तुकड्याचा जाड दट्टा, मग मोजून छर्रे, आणि सगळ्यांत वर पातळ चकती. तिच्या कडेनं मेण. पातळ चकत्या कापायचं काम आमचं. लग्नाच्या जुन्या पत्रिका ठेवलेल्याच असत. लोखंडी पंचावर हातोडी मारली की गोल चकती निघायची. ज्या भागावर देवाचं नाव छापलेलं असेल तो मात्र आबाजी आधीच कापून बाजूला ठेवत. देवाचं नाव लिहिलेला कागद जनावराच्या अंगावर जाता कामा नये, हा त्यांचा नेम होता. भरून झालं की चकतीवर शिसपेन्सिलीनं ते लिहीत: छर्ऱ्याचा नंबर आणि महिना. दोन वर्षांपूर्वीचा महिना असलेलं काडतूस शिकारीला जात नसे. ते रानडुकरं हाकलायला, आभाळाकडं तोंड करून उडवायला.

दारूच्या मापात ते कोणालाही हात घालू देत नसत. काळी दारू आणि बिनधुराची दारू दिसायला दोन्ही गरीब, पण काळ्या दारूच्या मापानं बिनधुराची भरली तर नळी फाटते आणि बोटं जातात. म्हणून घरात एकच दारू, काळी. तिचा बार उडाला की धुराचा पांढरा पडदाच समोर यायचा, गंधकाचा वास नाकात बसायचा आणि जनावर पडलं की पळालं ते पडदा विरेपर्यंत कळायचं नाही. घरी आल्यावर उकळतं पाणी ओतून नळ्या धुवाव्या लागत, नाहीतर एका रात्रीत गंज. ते पाणी तापवायचा मान आजीचा.

पण खरा जीव होता तो निवडीत. आदल्या संध्याकाळी आबाजी पेटी घेऊन बसायचे आणि विचारायचे, "उद्या कुठं बसायचं?" पाणवठ्यावर बसायचं, हाका करायचा की नाल्याकाठानं चालत जायचं, यावर काडतूस ठरायचं. तितर-बटेरांना सहा नंबर, सशाला चार नंबर. चितळाला एस.जी. एस.जी.चे एका औंसात आठच छर्रे बसतात, म्हणजे एकेक छर्रा चांगला वाटाण्याहून मोठा. तीस पावलांवर त्यातले चार-पाच एकदम लागतात आणि चितळ जागच्या जागी बसतं. साठ पावलांवर तोच बार पांगतो, एखादाच छर्रा पोटात शिरतो, जनावर पळतं आणि दोन-तीन दिवसांनी कुठल्या तरी नाल्यात तडफडून मरतं. आबाजींना या गोष्टीची फार चीड होती. जखमी चितळ मागं सोडून घरी जेवायला येणाऱ्याला ते आपल्या पंगतीला बसवत नसत. म्हणून ठरलेलं: चाळीस पावलांपलीकडं एस.जी. नाही. तिथं गोळी, किंवा मग काहीच नाही. मला आज वाटतं, त्यांची सगळी नीती त्या संध्याकाळच्या निवडीतच होती. रानात गेल्यावर छातीत धडधडतं, हात घाई करतो. म्हणून जनावराला किती वेदना होऊ द्यायच्या याचा निर्णय त्यांनी कंदिलाच्या उजेडात, थंड डोक्यानं आधीच करून ठेवलेला असायचा.

गोळीचं काडतूस भरणं आणखी नाजूक. बारा बोअर म्हणजे एका पौंडात बसतील अशा बारा गोळ्यांतल्या एका गोळीएवढी नळी; ती गोळी साधारण अडतीस ग्रॅमची. पण दुनळीची डावी नळी तोंडाशी आवळलेली असते, छर्रे दूरवर एकत्र राहावेत म्हणून. त्यातून नळीभर गोळी सोडली तर तोंड फुटायचं भय. म्हणून आबाजींचा साचा जरा लहान होता. त्यात ओतलेली गोळी दोन्ही नळ्यांतून मोकळी जायची. तरीही सवय अशी, की उजवीत गोळी आणि डावीत एस.जी.

आमच्यासोबत नेहमी कोलाम पोडाचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीचा, म्हातारा नाईक यायचा. त्याची स्वतःची ठासणीची बंदूक होती, शेत राखायच्या परवान्यावरची. बैलाच्या शिंगात दारू, बांबूच्या कांड्याचं माप, चिंध्या, शिसं आणि गज. एक बार ठासायला त्याला इतका वेळ लागे की दुसऱ्या बाराचा प्रश्नच नव्हता. आबाजींनी एकदा त्याला दुनळी देऊ केली. तो म्हणाला, "नाही जी. दोन बार असले की पहिला वाया जाते." वारा कुठून आहे हे तो मातीची चिमूट सोडून बघायचा आणि आबाजींचा निर्णयही बदलायचा. "आज जवळ येनार नाही, गोळी घ्या," म्हणाला की आबाजी निमूट मधल्या खणात हात घालायचे.

वणीच्या मामाजींकडं मात्र रायफल होती, इशापूरच्या कारखान्याची पॉइंट तीनशे पंधरा. इंग्रजांनी लष्करी तीनशे तीनचं काडतूस साध्या माणसाला बंद ठेवलं होतं, म्हणून हे वेगळं, आठ मिलिमीटरचं. तिची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जेमतेम सोळा ग्रॅम, पण वेगामुळं बारा बोअरच्या गोळीहून कितीतरी लांब आणि नेमकी जायची. तिच्यातही निवड होतीच. पूर्ण तांब्याचं कवच असलेली गोळी चितळातून आरपार जाते आणि ते पळून जातं. टोकाशी शिसं उघडं असलेली गोळी आत पसरते आणि तिथंच काम होतं. मामाजी रायफलीची काडतुसं भरत नसत, विकतचीच घेत. पण प्रत्येक नव्या डब्यातल्या दोन-तीन गोळ्या बांधाजवळच्या मडक्यावर मारून बघितल्याशिवाय रानात नेत नसत. आबाजींना हे पटायचं. एरवी दोघांचं कशावरच पटायचं नाही.

हे सगळं कागदोपत्री होतं, हेही सांगायला हवं. जंगल खात्याचा परवाना घ्यायचा, त्यात कुठला ब्लॉक, कोणत्या तारखा, कोणतं जनावर हे लिहिलेलं. मादी मारायची नाही; मखमल न गळलेल्या शिंगांचा नरही नाही. बंदुकीच्या परवान्याची आबाजींची जुनी वही माझ्याकडं आहे. एकाच बंदुकीवर त्यात मध्य प्रदेश सरकारचा, मग 1956 नंतर मुंबई राज्याचा आणि 1960 नंतर महाराष्ट्राचा शिक्का आहे. आमचं यवतमाळ जागचं हललं नाही, राज्यं बदलत गेली.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आमची शिकार संपली. महाराष्ट्रभर दुष्काळाचं ते साल. आबाजींनी कायद्यावर एक अक्षर वाईट काढलं नाही. झऱ्यावर बसलं तर पूर्वी तीस-चाळीस चितळं यायची, आता पाच येतात, हे त्यांनीच आधी बोलून दाखवलं होतं. मोटारी आणि प्रखर दिवे घेऊन रात्री शिकारीला येणाऱ्या लोकांनी रान रिकामं केलं, आणि कायदा झाला नसता तर ती पाचही राहिली नसती, यात मला शंका नाही. व्यंकटेश माडगूळकरांसारखा शिकारीही बंदूक ठेवून नागझिऱ्याच्या जंगलात नुसता बघायला जाऊन राहिला. आबाजींनी उरलेली दारू नाल्यात ओतली, शिशाच्या गोळ्या वितळवून घरच्या विहिरीच्या रहाटाला वजन म्हणून लावल्या. पितळी काडतुसं तेवढी ठेवली. ती अजून दसऱ्याला घासूनपुसून पाटावर येतात.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथं नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम असतो, परवाना काढून, अंगात भडक नारिंगी जाकीट घालून. तो तळघरात स्वतःच्या रायफलीची काडतुसं भरतो. त्याच्या काट्यावर ग्रेनचा दहावा भाग दिसतो. एक ग्रेन म्हणजे पासष्ट मिलिग्रॅम. गेल्या दिवाळीत त्यानं व्हिडिओवर सगळं दाखवलं आणि विचारलं, "मामा, दीडशे ग्रेनची गोळी घेऊ की एकशे पासष्टची?" मी विचारलं, किती लांबून मारणार? तो म्हणाला, झाडीतच बसतो, शंभर यार्डांच्या आत. मग दोन्ही चालतील, मी म्हटलं, तुझ्या रायफलीला जी एकाच जागी लागते ती घे. त्यानं आता शिसं सोडून तांब्याच्या गोळ्या घेतल्यात. शिशाचे कण आतड्यांत राहतात आणि ते खाऊन गरुड मरतात, असं तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. आबाजींना हे कळलं असतं तर त्यांनी रात्रभर प्रश्न विचारून त्याला झोपू दिलं नसतं.

आमच्या घरापासून मोटारीनं थोड्याच वेळात टिपेश्वर येतं. 1997 पासून ते अभयारण्य आहे, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं. तिथलाच एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला आणि तीन हजार किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत राहिला. चितळंही भरपूर झालीत. या मार्चमध्ये सुन्ना गेटनं आत गेलो तेव्हा टेकाडाखाली कळप चरत होता. मोहाखाली एक नर, शिंगं पूर्ण, मखमल गळलेली. मी सवयीनं म्हणालो, "पस्तीस पावलं." पुढच्या सीटवरचा कोलाम गाइड, विशीतला पोरगा, वळला. "नाही जी, बेचाळीस," तो म्हणाला, "मधात नाला हाय, तुमाले इथून दिसत नाही."