रिंगबांधाच्या बाहेर

घोडामारा बेट बुडतंय की झिजतंय, असा वाद आहे. बुडतंय म्हणणारे समुद्राकडे बोट दाखवतात, झिजतंय म्हणणारे नदीकडे. हुगळी बंगालच्या उपसागराला मिळते तिथे, सागरद्वीपाच्या जरा वरच्या अंगाला हे बेट आहे. १९७० च्या आसपास ते साडेआठ चौरस किलोमीटर होतं, आता जेमतेम निम्मं उरलंय. २०११ च्या जनगणनेत तिथे पाच हजारांवर माणसं होती. शेजारची लोहाचरा, सुपारीभांगा आणि बेडफर्ड ही बेटं त्याआधीच पाण्याखाली गेली. लोहाचऱ्यावर तर नांदती घरं होती, भाताची खाचरं होती, गुरं होती.

मकरसंक्रांतीला आपल्याकडून गंगासागरला जाणारे यात्रेकरू याच पाण्यावरून जातात. काकद्वीपजवळच्या धक्क्याचं नाव लॉट नंबर आठ. इंग्रजांनी सुंदरबनचं जंगल तोडून लागवडीला देताना त्याचे तुकडे पाडले, तुकड्यांना नंबर दिले, त्यातला एक अजून या धक्क्याला चिकटून आहे. धक्का आणि सागरद्वीप यांच्या मधल्या मुडीगंगेत गाळ इतका, की ओहोटीला फेरीबोट अडते आणि भरतीची वाट बघत बसावं लागतं. मी गेले तेव्हा बोटीत नागपूरकडची काही कुटुंबं होती. सगळ्यांचे डोळे सागरद्वीपाकडे, मन कपिलमुनींच्या देवळाकडे. त्या देवळाच्या आधीच्या वास्तूही समुद्रानेच नेल्या. उजव्या हाताला पाण्यावर एक बारीक हिरवी रेघ दिसत होती, ते घोडामारा. जमीन इतकी बसकी की शेजारच्याला बोट करून दाखवावं लागलं.

परतताना मी तिथे उतरले. बेटाचा काठ म्हणजे सरळ कापलेली मातीची भिंत. भरतीचं पाणी तिच्या पायाशी शिरतं, खालची माती विरघळते, वरचा थर काही वेळ तसाच लोंबतो आणि मग धप्पकन खाली येतो. नारळांची मुळं उघडी पडून हवेत हलत होती. एका तळ्याचा घाट होता, पाच-सात सिमेंटच्या पायऱ्यांचा. तळं नदीने नेलं होतं, पायऱ्या राहिल्या होत्या.

बेट दाखवायला आलेल्या गृहस्थांना मी काका म्हणत होते, ते मला दीदी. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, आत्ताचं घर चौथं. मग काठावर उभं राहून पाण्यातल्या तीन जागा दाखवल्या. पहिलं घर पार लांब, जिथे तेव्हा एक मासेमारीची होडी जाळं ओढत होती. पाण्यावर खूण कसलीच नाही, पण त्यांचं बोट क्षणभरही अडखळलं नाही.

बांध फुटला की मागे सरकून आतल्या बाजूने नवा, कमानीसारखा बांध घालतात. त्याला रिंगबांध म्हणतात. जुन्या आणि नव्या बांधाच्या मधे जी घरं, जी शेतं, जी तळी सापडली, ती नदीला सोडून दिलेली. तसं कागदावर कुणी लिहून देत नाही. काकांच्या घरी जमिनीचे दस्त प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगलेले होते, आपल्याकडे सातबारा जपावा तसे. जमीन पाण्यात आणि दस्त कोरडे. रिंगबांध आखणाऱ्याला बोल लावावा असंही नाही, माती जिथे धरेल तिथेच तो रेघ मारणार. पण रेघेबाहेर कोण राहणार हे दर वेळी कुणीतरी दुसराच ठरवतो.

घोडामाऱ्याचं पैशाचं पीक विड्याचं पान. आपल्या पानमळ्यात वेल शेवऱ्या-पांगाऱ्यावर चढतो. तिथला बरोज म्हणजे पानासाठी बांधलेलं घरच. बांबूचा सांगाडा, चारी बाजूंनी आणि वरून तागाच्या काड्यांचं आवरण, आत दमट गारवा आणि हिरवा अंधार. वाकून शिरावं लागतं. वेल ओळीने उभे, एकेक काठीला सैल बांधलेला, कारण गाठ आवळली तर कोवळं खोड कापलं जातं. वेल वर गेला की खाली ओढून त्याचा वेटोळा मातीत पुरायचा, म्हणजे तो पुन्हा नव्याने वर निघतो. रोज माणसाचा हात लागतो, लेकराला लागावा तसा.

२६ मे २०२१ ला यास वादळ ओडिशाच्या किनाऱ्याला धडकलं. दिवस पौर्णिमेचा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिकडे भरा कोटाल म्हणतात. वारा आणि उधाण एकदम आलं आणि अख्खं बेट पाण्याखाली गेलं. तळ्यांतले गोड्या पाण्याचे मासे पोट वर करून तरंगले. बरोजांत नोना जल, खारं पाणी, तुंबून राहिलं. पानवेलीचं मूळ ते सोसत नाही. पानं पिवळी पडली, मग काळी. बरोज उभे आणि आत सगळं कुजलेलं. पाणी ओसरलं तरी मीठ मातीत राहिलं. काकांचा मुलगा त्या वर्षी केरळात बांधकामावर गेला, तो तिकडेच आहे.

आता त्या वादाकडे वळते. सुंदरबनची बेटं भरती-ओहोटीने आणलेल्या गाळाने वाढतात. पाणी दिवसातून दोनदा अंगावरून जातं आणि पातळसा थर ठेवून जातं. जमीन पुरती उंचावण्याआधीच जमीनदारांनी तिथे बांध घातले, जंगल तोडून भात लावला. त्या दिवशी जमिनीची वाढ थांबली. बाहेर नदीचा तळ गाळाने चढत गेला, आतली माती दबत गेली. आज कितीतरी ठिकाणी भरतीला नदी भातापेक्षा उंच असते. रायगडच्या खारपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उधाणाला बांधाला खांड पडली की एका रात्रीत काय होतं, हे त्याने पाहिलेलं असतं. सुंदरबनच्या भारतातल्या भागात असे बांध साडेतीन हजार किलोमीटर आहेत, बहुतेक मातीचे.

दुसरी गोष्ट फराक्क्याची. कोलकाता बंदरातला गाळ धुऊन निघावा म्हणून १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि गंगेचं पाणी हुगळीत वळवलं गेलं. प्रवाह बदलला, पुढे हल्दियाकडचा जहाजांचा मार्ग राखण्यासाठीही नदीत कामं झाली. घोडामाऱ्याच्या झिजेचा संबंध काही अभ्यासक याच्याशी जोडतात. पलीकडेच नयाचर नावाचं बेट वर आलं आणि वाढत गेलं, हेही ते दाखवतात. नदी इथून उचलते, तिथे टाकते, यात समुद्राचा काय संबंध, असं मग ऐकू येतं.

संबंध आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला. गंगेच्या मुखाशी जमीन स्वतःही खचते, म्हणून डायमंड हार्बरला मोजली जाणारी वाढ याहून जास्त. जादवपूर विद्यापीठाचे सुगत हाजरा या बेटांचा कित्येक वर्षं अभ्यास करत आले आहेत. पाणी दोन बोटं चढलं तर मातीच्या भिंतीच्या पायाशी लाट किती आत शिरते, हे त्या काठावर उभं राहिल्यावर कुणालाही कळेल.

म्हणजे सगळी कारणं एकाच वेळी खरी आहेत. पण वादात प्रत्येक कारण दुसऱ्याला सोडवायला वापरलं जातं. समुद्र म्हटला की दिल्ली आणि कोलकाता सुटतात, नदी म्हटली की धूर ओकणारे मोठे देश सुटतात. याचा मला संताप येतो. बांध, बंधारा आणि धूर, तिन्ही माणसांचीच कामं, आणि चार घरं बांधलेल्या काकांना यातलं काहीही करताना कुणी विचारलेलं नाही.

पॅसिफिकमधल्या तुवालूबद्दलही असाच वाद झाला. पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जुने हवाई फोटो आणि उपग्रहचित्रं ताडून दाखवलं, की १९७१ ते २०१४ मध्ये त्या देशाची जमीन २.९ टक्क्यांनी वाढलीय. संशोधन चोख आहे. पोवळ्याच्या वाळूची बेटं लाटांबरोबर सरकतात, भरतात. पण ते हाती घेऊन, पाहा, कुणी बुडत नाही, असं सांगत फिरणाऱ्यांनी त्या माणसांकडे पाहिलंच नाही. वाळू बेटाच्या एका टोकाला साठते. पुलाका नावाचा अळूसारखा कंद जमिनीत खड्डा खणून, खालच्या गोड्या पाण्यावर वाढवतात, आणि त्या खड्ड्यात खारं पाणी झिरपलं की टोकाची नवी वाळू शेतकऱ्याच्या काय कामाची? मंत्री सायमन कोफे यांनी २०२१ मध्ये गुडघाभर समुद्रात उभं राहून जगापुढे भाषण केलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला, वर्षाला २८० माणसांना तिकडे राहायला जाता येईल असा. लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की भूमी गेली तरी देश संपलाच असं होत नाही. तुवालूला झेंडा आहे, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची आहे. घोडामाऱ्याला एक ग्रामपंचायत आहे.

वादळ आलं तर आपल्याकडे मदत मिळते, पूर आला तरी मिळते. भांगन, म्हणजे रोज थोडी थोडी कोसळणारी जमीन, अधिसूचित आपत्तींच्या केंद्रीय यादीत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने अशा विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी एक हजार कोटींची शिफारस केली, म्हणजे प्रश्न दिल्लीला ठाऊक नाही असं म्हणता येणार नाही. सागरद्वीपावर अशा विस्थापितांच्या वसाहती आहेत. आधी आलेल्यांना बऱ्यापैकी जमीन मिळाली, नंतरच्यांच्या वाट्याला कमी कमी येत गेली. आता सागरद्वीपाचाही दक्षिण काठ ढासळतोय.

काका जायला तयार आहेत. बेटावर मरेन वगैरे ते काही म्हणाले नाहीत. बरोज घालता येईल एवढी जमीन द्या, उद्या निघतो, म्हणाले. दस्तांतलं त्यांनी मला मोजून दाखवलं, सात बिघे भात, दोन बिघे पान, एक तळं. तीन घरांची तर कुठे नोंदच नाही. बुडतंय म्हणणाऱ्यांनी आणि झिजतंय म्हणणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत आधी ही यादी वाचावी, आणि यातलं कोण किती देणार ते सांगावं.