विसावा म्हणजे खाडा नव्हे

सत्तरी ओलांडलेली माणसे व्यायामाकडे वळली की त्यांना एकाच गोष्टीची धास्ती वाटते, ती खाड्याची. ‘डॉक्टर, दीड महिन्यात एकही खाडा पडू दिलेला नाही,’ हे वाक्य पनवेलच्या माझ्या दवाखान्यात मी अनेकदा ऐकते. ते अभिमानाने उच्चारलेले असते आणि त्यामागोमाग बहुधा गुडघ्यांची किंवा खांद्याची तक्रार येते. ज्या पिढीने शाळेत, कचेरीत आणि कारखान्यात हजेरीपटाला आयुष्यभर मान दिला, तिला नियमितपणा म्हणजे रोज, असे वाटणे स्वाभाविक आहे. वडाळे तलावाकाठच्या सकाळच्या फेरीपुरते ते योग्यही आहे. बेताचे चालणे रोज करावे. ताकदीच्या व्यायामाचा हिशेब मात्र निराळा. तेथे दोन दिवसांमधला मोकळा दिवस हाही व्यायामाचाच भाग असतो. वाचकहो, आज त्या मोकळ्या दिवसाविषयी आपल्याशी थोडे सविस्तर बोलावे म्हणते.

ताकदीचा व्यायाम म्हटले की तरुणांची जिम डोळ्यांपुढे येते. आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे: स्नायूंना रोजच्या सवयीपेक्षा थोडे अधिक ओझे पेलायला लावणे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकून दंड काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, रबरी पट्टा ताणणे, किलोभर वजनाचे डंबेल किंवा पाण्याने भरलेली बाटली उचलणे, हे सारे त्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल सुचवली, तोल सांभाळण्यावर भर देणारे व्यायाम किमान ३ दिवस सुचवले आणि सर्व मोठ्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम किमान २ दिवस. रोज वजने उचला, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

ताकद केव्हा वाढते?

आपल्या रायगड जिल्ह्यात भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगणे सोपे जाते. वाफ्यातून उपटून लावलेले रोप पहिले काही दिवस मलूल दिसते, पिवळे पडते. त्या दिवसांत ते नवे मूळ धरत असते. रोज उपटून पुन्हा लावले तर ते रुजणारच नाही. स्नायूचेही काहीसे असेच आहे. नेहमीपेक्षा अधिक ओझे पेलताना स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो, काही ठिकाणी सूक्ष्म इजाही होते. मग शरीर दुरुस्तीला लागते. नवी प्रथिने तयार करून तंतू पूर्वीपेक्षा थोडे भक्कम करण्याचे हे काम व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस अधिक वेगाने चालते. उतारवयात हा प्रतिसाद मंद असतो. म्हणून पंचविशीच्या नातवाला जो क्रम सोसतो, तो आजोबांना सोसेलच असे नाही.

नव्याने व्यायाम करणाऱ्यांचे अंग बहुधा दुसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखते आणि तीन-चार दिवसांत दुखणे ओसरते. कर्नाळा चढून आल्यावर मांड्या त्या संध्याकाळपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त बोलतात, हा अनुभव मी स्वतः पन्नाशीनंतर अधिकच घेते. असे दुखणे दोन्ही बाजूंना असते, दाबल्यावर जाणवते आणि हालचालीने थोडे सैल होते. त्याने घाबरू नये. मात्र ते अंगात असताना त्याच स्नायूंवर पुन्हा ओझे टाकू नये.

दोन टोके

नवीन पनवेलमधील एका निवृत्त शिक्षकांची हकीकत सांगते. वय ७२. नातवाने उत्साहाने शिकवले आणि आजोबांनी रोज सकाळी ४० बैठका काढायला सुरुवात केली. पंधरवड्यात गुडघे सुजले. मग घरातील सर्वांनी एकमुखाने निर्णय दिला: ‘बाबा, वयोमानाने आता हे झेपायचे नाही. तुम्ही पडून राहा.’ चहा, जेवण, वर्तमानपत्र सारे पलंगावर येऊ लागले. तीन आठवड्यांनी त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा सूज उतरली होती, पण कमोडवरून उठताना त्यांना मुलाचा हात धरावा लागत होता. चाळीस वर्षे वर्गापुढे उभ्या राहिलेल्या त्या गृहस्थांना गुडघ्यांच्या वेदनेपेक्षा हे अधिक लागले होते.

या घरात दोन्ही वेळा हेतू चांगलाच होता. पहिल्या टोकाला विसाव्याला जागा नव्हती आणि दुसऱ्या टोकाला विसाव्याच्या नावाखाली अंथरूण आले. हे दुसरे टोक अधिक महाग पडते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी व्यक्तींना १० दिवस अंथरुणात ठेवले गेले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील मेद वगळता उरणारे वजन, म्हणजे मुख्यत्वे स्नायू, सुमारे एक किलोने घटले. आजाराने नव्हे, केवळ पडून राहण्याने.

याची आशादायक बाजूही आहे. १९९० साली बॉस्टनमधील एका वृद्धनिवासात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचे ताकदीचे व्यायाम करून घेण्यात आले. ज्या ९ जणांनी क्रम पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे व्यायाम आठवड्यातून ३ दिवस होते. उरलेले दिवस मोकळे होते आणि ताकद तरीही वाढली. मी तर म्हणेन, म्हणूनही वाढली.

आमच्या शिक्षकांना आम्ही सोमवार आणि शुक्रवार असे दोन दिवस नेमून दिले. पहिल्या आठवड्यात उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून ५ वेळा उठणे, एवढेच. पुढे संख्या वाढली, मग उशी निघाली. अडीच महिन्यांनी ते कोणाचा हात न धरता न्हाणीघरातून बाहेर येऊ लागले. आमचे सारे प्रयत्न एवढ्याचसाठी होते.

मोकळ्या दिवशी काय करावे?

विसाव्याच्या दिवशी शरीर हलते ठेवावे, पण त्याला दमवू नये. वीस-तीस मिनिटे अशा गतीने चालावे की सोबत्याशी गप्पा मारता याव्यात. पनवेलच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या गल्ल्यांतून जाण्यापेक्षा घरातल्या घरात किंवा इमारतीच्या व्हरांड्यात फेऱ्या घालाव्यात. खांदे, मान, घोटे सावकाश फिरवावेत. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा, आधाराला हाताशी ओटा असावा. भाजी निवडणे, कुंड्यांना पाणी घालणे, कपडे वाळत घालणे, हीदेखील औषधी हालचालच आहे. रात्री झोप पुरेशी घ्यावी, कारण दुरुस्तीचे बरेचसे काम झोपेत चालते.

त्या दिवशी आहार कमी करू नये. ‘आज व्यायाम नाही, मग उसळ कशाला?’ हा विचार उलटा आहे, कारण स्नायूंची बांधणी त्याच दिवशी चालू असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वार्धक्यात याहून थोडी अधिक प्रथिने घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज वाढवू नयेत. डाळ, दूध, दही, पनीर, अंडे, मासे यांपैकी आपल्या घरात जे चालते ते प्रत्येक जेवणात थोडे थोडे असावे.

उपवासाची सांगड येथेच घालावी. कोणाचा गुरुवार असतो, कोणाची संकष्टी, कोणाची एकादशी. साबुदाणा आणि वरईवर काढलेला दिवस ताकदीच्या व्यायामाचा नव्हे. तो विसाव्याकडे द्यावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे, कारण व्यायामानंतर काही तासांनी, कधी रात्रीही, रक्तातील साखर उतरू शकते.

बेताने व्यायाम करण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त बलवान माणसालाही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम सांगितला, इतर ऋतूंत त्याहून कमी आणि व्यायामानंतर सुखावह अंगमर्दन. वृद्धांनी व्यायाम टाळावा, असेही तेथे म्हटले आहे. तेवढ्यापुरते आजचे वैद्यक वेगळे सांगते. अर्ध्या शक्तीचे सूत्र मात्र मला आजही उपयोगी वाटते. उठ-बस १० वेळा जमत असेल तर सुरुवातीला ५-६ वर थांबावे. उठताना श्वास सोडावा, तो रोखून धरू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

विसावा मागणारे माणूस

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, ते कांस्य होते. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक गोष्ट मला वारंवार आठवते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोव्हपुढे उभे राहावे लागले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती; परंतु ती हक्काने मागणारा भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले.

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्या वाचकांनो, अर्ध्या तासाची ती विश्रांती मागणारे माणूस आपण व्हावे. ‘आई, आज वजने नाहीत, आज नुसते फिरून येऊ,’ हे तिला आपण सांगावे. आणि ती दोन दिवस पलंगावरून उठलेली नसेल, तर ‘चल, व्हरांड्यापर्यंत जाऊन येऊ,’ हेही आपणच म्हणावे.

आपल्यासाठी ती विश्रांती कोण मागणार, हा प्रश्न मला अधिक सलतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवणे, कुशीवर वळवणे, खुर्चीत बसवणे हे ओझे सून, मुलगी किंवा पत्नी दिवसातून कितीतरी वेळा उचलते, आणि त्याला मोकळा दिवस नसतो. स्नायूंचा नियम तिलाही लागू आहे. आठवड्यातून निदान दोन दिवस उचलण्याचे काम भावाने, मुलाने किंवा कामावर येणाऱ्या मावशींनी करावे, अशी वाटणी घरात स्पष्टपणे ठरवावी. रुग्णाला शक्य असेल तेव्हा त्यालाच ‘पायांनी रेटा द्या’ म्हणावे. त्याने दिलेला प्रत्येक रेटा हा त्याचा व्यायाम असतो आणि तेवढाच आपल्या कमरेला विसावा.

केव्हा थांबावे?

ताकदीच्या दिवशी सकाळी पलंगाच्या कडेवरून उठताना स्वतःकडे लक्ष द्यावे. उठणे नेहमीपेक्षा जड जात असेल, रात्र अपुरी गेली असेल किंवा अंगात कणकण असेल, तर व्यायाम एक दिवस पुढे ढकलावा. दुखणे एकाच सांध्यात असेल, सांधा सुजला असेल, चार दिवसांनंतरही वेदना कमी होत नसतील किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत जडपणा, नेहमीपेक्षा अधिक धाप, चक्कर किंवा काळ्या चहासारखी लघवी दिसल्यास त्याच दिवशी, विलंब न लावता. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सर्वांगाचे नवे दुखणे केवळ व्यायामाच्या माथी मारू नये. तेही आम्हाला सांगावे. हृदयविकार असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

शेवटी एक छोटी युक्ती. आपल्या घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब असतोच. ज्या दिवशी दूध आले नाही, त्या चौकटीत खाडा मांडला जातो. त्याच पानावर ताकदीच्या दिवशी ‘ता’ लिहावे आणि मधल्या दिवशी फिरणे, तोल, जेवण, झोप नीट झाली की ‘वि’ लिहावे. महिन्याच्या अखेरीस दोन्ही अक्षरे मोजावीत. ‘वि’ची संख्या अधिक भरेल. ती सारी आपल्या हजेरीतच धरावी.